आभासी यंत्रांच्या नोंदी व त्यांचे स्वामित्व : शिरोली औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा यंत्रांच्या सामर्थ्याकडे जाते. एंजिनाची अश्वशक्ती किती वाढली, भट्टीत एका वेळी किती लोखंड वितळू लागले, संगणकाचा वेग किती पटींनी वाढला, ह्यांची मोजदाद केली जाते. यंत्राची नोंद कोठे राहत होती, ती कोण ठेवीत होता, आणि दोन नोंदींत विरोध आल्यास त्यांपैकी कोणती प्रमाण मानली जात होती, हे प्रश्न मात्र कारकुनी स्वरूपाचे समजून बाजूस सारले जातात. लोखंडी यंत्रांच्या बाबतीत ह्या उपेक्षेने फारशी हानी होत नाही. लेथची नोंदवही हरवली तरी लेथ जागेवर असतो. त्याची लांबी मोजता येते, त्यावरील क्रमांक वाचता येतो आणि नोंदवही पुन्हा लिहून काढता येते.

व्हर्च्युअल मशीन, अर्थात् आभासी यंत्र, ह्याची गोष्ट वेगळी आहे. एका प्रत्यक्ष सर्व्हरवर विशिष्ट प्रणालीच्या साहाय्याने अनेक संगणक स्वतंत्रपणे चालविले जातात. त्यांतील प्रत्येकाला स्वतःची स्मृती, स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची डिस्क असल्यासारखे भासते. असे यंत्र म्हणजे वस्तुतः दोन गोष्टी होत. एक, त्याच्या डिस्कचा सर्व मजकूर धारण करणारी फाईल. आणि दुसरी, ह्या यंत्राला स्मृती किती द्यावी, प्रोसेसर किती द्यावेत, नेटवर्कमधील त्याचा पत्ता कोणता, त्याची डिस्क कोठे आहे, हे सांगणारी नोंद. व्यवहारात ह्या नोंदीला कॉन्फिगरेशन म्हणतात. ती पुष्कळदा वीस-पंचवीस ओळींहून मोठी नसते. परंतु ती नष्ट झाली तर डिस्कवरील माहिती उरते आणि ती चालविणारे यंत्र उरत नाही. आणि तिच्या दोन प्रती दोन सर्व्हरांवर एकाच वेळी प्रमाण मानल्या गेल्या तर एका यंत्राची दोन यंत्रे होऊन दोन्ही एकाच डिस्कवर लिहू लागतात. त्या डिस्कवर कारखान्याचे हिशेब असतील तर ते हिशेब बिघडतात.

ह्या कारणास्तव आभासी यंत्रांचा इतिहास हा बव्हंशी नोंदीच्या स्वामित्वाचा इतिहास आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी कोल्हापूरजवळील शिरोली औद्योगिक वसाहतीचा संदर्भ घेतला आहे, ह्याचे कारण असे की मूळ आणि प्रत, मालकी आणि ताबा, ह्यांविषयीचा हाच प्रश्न तेथील ओतकामाच्या धंद्याला लाकडाच्या व बिडाच्या रूपात फार पूर्वीपासून परिचित आहे.

२. शिरोलीची पूर्वपीठिका

कोल्हापूरहून पुण्याकडे निघाले म्हणजे पंचगंगेचा पूल ओलांडताच पुलाची शिरोली हे गाव लागते. हातकणंगले तालुक्यातील ह्या गावालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. परंतु कोल्हापूरचा यंत्रधंदा त्याहून जुना आहे. संस्थानी काळात आकार घेतलेला आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतरही वाढत गेलेला हा धंदा प्रथम शहरात, विशेषतः शिवाजी उद्यमनगरात, तेल एंजिने आणि त्यांचे सुटे भाग ह्यांच्या आधारे उभा राहिला. पुढे जागेच्या व विजेच्या गरजेमुळे तो शिरोली व गोकुळ शिरगाव येथील वसाहतींत पसरला, आणि मोटारी, ट्रॅक्टर व पंप ह्यांसाठी लागणारे बिडाचे ओतीव भाग हे त्याचे मुख्य उत्पादन होऊन बसले.

ओतकामात पॅटर्न ही मूळ वस्तू होय. वाळूत पॅटर्नचा ठसा उमटवून साचा तयार होतो, साच्यात वितळलेले बीड ओतले जाते आणि थंड झाल्यावर साचा मोडून भाग बाहेर काढला जातो. साचा एकदाच कामाला येतो, पॅटर्न टिकतो. करडे बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो. मागणी मोठी असली म्हणजे मूळ लाकडी पॅटर्नवरून धातूचे कामाचे पॅटर्न ओतून घेतात. अशा वेळी मूळ पॅटर्नमध्ये दुहेरी सूट धरावी लागते : एक कामाच्या पॅटर्नच्या आकुंचनाची आणि दुसरी प्रत्यक्ष भागाच्या आकुंचनाची. हा हिशेब न जाणता एखाद्याने कामाच्या पॅटर्नवरूनच दुसरा पॅटर्न ओतला तर तो लहान भरतो, आणि त्यावरून निघालेला प्रत्येक भाग मापात चुकतो. प्रतीवरून प्रत घेऊ नये, मूळावरूनच घ्यावी, हा नियम फौंड्रीत अशा रीतीने नुकसान सोसून शिकलेला आहे.

ह्याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पॅटर्न-प्लेट व मोल्डिंग बॉक्स ह्यांची सांगड पिना व बुश ह्यांनी बसते. पिनांमधील अंतर सर्व बॉक्सांत एकच असेल तर कोणतीही प्लेट कोणत्याही बॉक्सला लागते. ते वेगवेगळे असेल तर उत्तम पॅटर्नही एका जागी अडकून पडतो. दुसरी गोष्ट मालकीची. पॅटर्न पुष्कळदा ग्राहकाच्या मालकीचा आणि फौंड्रीच्या ताब्यात असतो. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, ही स्थिती ह्या धंद्यात नित्याची असल्यामुळे कोणता पॅटर्न कोणाचा व रेखाचित्राच्या कोणत्या सुधारित आवृत्तीप्रमाणे केलेला, ह्याची नोंद ठेवणे भागच पडते.

अशा वसाहतींतील मध्यम आकाराच्या कारखान्यांत हिशेब, मालाची आवक-जावक, पगारपत्रके आणि सुट्या भागांची रेखाचित्रे ही कामे आता सर्व्हरवर चालतात. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर घेण्याची प्रथा होती व त्यांतील बहुतेक दिवसाचा बराच काळ रिकामे बसत. आभासी यंत्रांनी ही उधळपट्टी थांबविली. परंतु एक सर्व्हर बिघडल्यास सर्वच कामे बंद पडू नयेत म्हणून दोन किंवा तीन यजमान सर्व्हर घेण्यात येऊ लागले, आणि त्यासरशी नोंद कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला. ह्या प्रश्नाची घडण समजण्यासाठी काही दशके मागे जाणे आवश्यक आहे.

३. एक यंत्र, एक निर्देशिका : १९६४ ते १९७४

आभासी यंत्राची कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, आय.बी.एम. कंपनीच्या वैज्ञानिक केंद्रात, मूर्त स्वरूपात आली. रॉबर्ट क्रीसी ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये आरंभ झालेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. ती सिस्टिम/३६० मालिकेतील चाळीस क्रमांकाच्या सुधारलेल्या संगणकावर प्रत्येकी २५६ किलोबाइट स्मृतीची चौदा आभासी यंत्रे चालवीत असे. तिच्यापासून सीपी-६७ निर्माण झाली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० ही प्रणाली अधिकृतपणे जाहीर करण्यात आली.

ह्या प्रणालींत प्रत्येक आभासी यंत्राचे वर्णन एका निर्देशिकेत केलेले असे. वापरणाऱ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द, मिळावयाची स्मृती, तिची कमाल मर्यादा, त्याच्या वाट्याला आलेले डिस्कचे तुकडे व इतर साधने, हे सर्व तीत नमूद असे. वापरणाऱ्याला काम चालू असताना कमाल मर्यादेच्या आत आपली स्मृती बदलून घेता येई. परंतु तो निघून पुन्हा आला म्हणजे निर्देशिकेतील मूळ वर्णन पुनश्च लागू होई. यंत्राची टिकाऊ नोंद आणि त्याची चालू स्थिती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथे प्रथमपासून स्पष्ट होता, आणि पुढील सर्व गोंधळाचे मूळ ह्या भेदाच्या विस्मरणात आहे.

निर्देशिका एकच होती, कारण यंत्र एकच होते. ती बदलण्याचा अधिकार संगणककेंद्राच्या व्यवस्थापकाकडे असे. संगणकाची किंमत प्रचंड असल्याने दुसरा यजमान असण्याचा प्रसंगच विरळा. त्यामुळे १९७४ साली जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग ह्यांनी आभासी यंत्रांच्या आवश्यक अटींची जी गणिती मांडणी केली, तीही एका प्रत्यक्ष यंत्राच्या रचनेविषयीच होती. नोंदीचे स्वामित्व हा त्या काळी प्रश्नच नव्हता.

४. अनेक यजमान, विखुरलेल्या नोंदी : १९९८ ते २००७

पुढील दोन दशकांत लहान व स्वस्त संगणकांचा प्रसार झाला. त्यांत सर्वाधिक रूढ झालेल्या इंटेलच्या रचनेत पोपेक-गोल्डबर्ग अटी पुऱ्या होत नव्हत्या. पेंटियम प्रोसेसरच्या सतरा आज्ञा ह्या कामी अडसर ठरतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात दाखविण्यात आले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ही अडचण आज्ञांचे चालता चालता भाषांतर करून सोडविली. १९९९ मध्ये तिचे मेजावरील संगणकांसाठीचे आणि २००१ मध्ये सर्व्हरांसाठीचे ईएसएक्स हे उत्पादन आले. २००३ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून झेन ही प्रणाली पुढे आली. इंटेलने २००५ च्या अखेरीस व ए.एम.डी.ने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आवश्यक सोय केली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. आभासी यंत्र आता कोणाही कारखानदाराच्या आवाक्यात आले.

स्वस्ताईबरोबर यजमानांची संख्या वाढली आणि निर्देशिका विखुरली. व्हीएमवेअरच्या पद्धतीत प्रत्येक यंत्राची नोंद साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, त्याच्या डिस्कशेजारी ठेवली जाते. २००३ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलसेंटर ह्या उत्पादनाने अनेक यजमानांवरील यंत्रांची एक मध्यवर्ती वही दिली. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिबव्हर्ट ह्या प्रणालीने दुसरा मार्ग घेतला. तीत प्रत्येक यजमान आपल्याकडील यंत्रांच्या नोंदी आपल्याच डिस्कवर ठेवतो. शेजारच्या यजमानाची वही त्याला ठाऊक नसते.

ह्याच सुमारास चालू यंत्र न थांबविता एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविण्याची युक्ती रूढ झाली. २००३ मध्ये व्हीएमवेअरने ती बाजारात आणली व २००५ मध्ये झेनच्या अभ्यासकांनी तिचे विवेचन प्रसिद्ध केले. यंत्र चालू असतानाच त्याच्या स्मृतीची पाने दुसरीकडे पाठविली जातात. मध्यंतरी बदललेली पाने पुन्हा पाठविली जातात. आणि अखेरीस क्षणमात्र थांबवून उरलेली पाने पोचती करून यंत्र नव्या जागी चालू होते. कौशल्याची ही परिसीमा होय. परंतु स्थलांतर होते ते चालू स्थितीचे. नोंदीचे काय, हा प्रश्न वेगळा राहतो. लिबव्हर्टमध्ये स्पष्ट सूचना दिली नाही तर नव्या यजमानावर यंत्र केवळ तात्पुरते नांदते व बंद होताच त्याच्या वहीतून नाहीसे होते. उलट जुन्या यजमानाच्या वहीत त्याचे नाव तसेच राहते. पाहुणा गेला, परंतु त्याची शिधापत्रिका जुन्याच गावी राहिली, अशी ही अवस्था आहे. काही महिन्यांनी एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याला जुन्या वहीत हे यंत्र बंद दिसते आणि तो ते सद्भावनेने चालू करतो.

५. नोंदीतील दोन प्रकारची विधाने

नोंद बारकाईने वाचली असता तीत दोन जातींची विधाने आढळतात. पहिल्या जातीची विधाने यंत्राच्या स्वतःविषयी असतात : स्मृती आठ गिगाबाइट, प्रोसेसर चार, नेटवर्क कार्डाचा पत्ता अमुक. दुसऱ्या जातीची विधाने यजमानाविषयी असतात : ह्या यंत्राचे नेटवर्क अमुक नावाच्या जोडणीला लावावे, त्याची डिस्क अमुक नावाच्या साठ्यात शोधावी, त्याला अमुक पिढीचा प्रोसेसर दाखवावा. पहिली विधाने यंत्राबरोबर कोठेही जाऊ शकतात. दुसरी विधाने नव्या यजमानावर तीच नावे त्याच अर्थाने असतील तरच खरी ठरतात.

मोल्डिंग बॉक्सच्या पिनांचा प्रश्न तो हाच. एका यजमानावर कार्यालयाच्या नेटवर्कला जे नाव आहे तेच नाव दुसऱ्यावर भट्टीकडील यंत्रांच्या नेटवर्कला दिलेले असेल, तर हलविलेले हिशेबाचे यंत्र कोणतीही चूक न दर्शविता भलत्याच तारेला जोडले जाते. जुन्या व नव्या पिढीचे प्रोसेसर एकत्र असतील, तर नव्या यजमानावर सुरू झालेल्या यंत्राला जुन्यावर नसलेल्या आज्ञांची सवय लागलेली असते व चालू स्थितीत ते मागे आणता येत नाही. म्हणून सर्व यजमानांत समान असलेली किमान क्षमताच प्रत्येक यंत्राला दाखविण्याची प्रथा पडली.

प्रतीवरून प्रत घेण्याचा दोषही येथे जसाच्या तसा आढळतो. चालू यंत्राची हुबेहूब नक्कल करून नवे यंत्र केले की मूळ यंत्राचे नाव, नेटवर्कचा पत्ता व त्यात वेळोवेळी केलेल्या तात्पुरत्या दुरुस्त्या नकलेत उतरण्याचा संभव असतो. नकलेची नक्कल केली की त्या अधिक दुर्बोध होतात. ह्यावर उपाय म्हणून एक कोरे, तपासलेले मूळ यंत्र वेगळे ठेवावे, ते कधीही कामाला लावू नये आणि सर्व नवी यंत्रे त्यावरूनच घ्यावीत, ही पद्धत प्रस्थापित झाली. पॅटर्न-खोलीतील मूळ पॅटर्नचे स्थान तिला आहे.

क्षमतेचा हिशेबही ह्याच सदरात येतो. समजा, एखाद्या कारखान्यात प्रत्येकी १२८ गिगाबाइट स्मृतीचे तीन यजमान आहेत व सर्व आभासी यंत्रांच्या नोंदींची बेरीज ३०० गिगाबाइट आहे. एकूण स्मृती ३८४ असल्याने नित्याचे काम सुरळीत चालते. एक यजमान बंद पडला की उरतात २५६, आणि ३०० चा भार त्यात मावत नाही. प्रत्येक यजमानाची वही स्वतंत्रपणे पाहिली तर ही तूट दिसत नाही. सर्व नोंदी एकत्र वाचल्यावरच ती दिसते.

६. दोन दावेदार आणि बहुमत

एकाच यंत्रावर दोन यजमानांनी हक्क सांगितला तर निवाडा कोणी करावयाचा? ह्याची तीन प्रकारची उत्तरे इतिहासात दिली गेली. पहिले उत्तर कुलुपाचे : जो यजमान यंत्र चालू करील त्याने सामाईक डिस्कवर आपली खूण करावी व ती खूण असेपर्यंत दुसऱ्याने यंत्र चालू करू नये. दुसरे उत्तर मध्यवर्ती वहीचे : एकाच सर्व्हरने सर्व नोंदी ठेवाव्यात. त्याचा दोष उघड आहे. वही ठेवणाराच बंद पडला तर चालू यंत्रे चालू राहतात, परंतु त्यांच्या व्यवस्थेला कोणी वाली राहत नाही. तिसरे उत्तर बहुमताचे : वही सर्व यजमानांवर असावी, परंतु तीत बदल करण्यास अर्ध्याहून अधिक यजमानांची उपस्थिती आवश्यक असावी.

तिसऱ्या उत्तराचे बोधप्रद उदाहरण म्हणजे व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स ही प्रणाली. २००८ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली, आणि २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्यात नोंदींसाठी एक विशेष फाईल-व्यवस्था आली. प्रत्येक यजमानावर सर्व यंत्रांच्या सर्व नोंदींची प्रत असते व एका जागी केलेला बदल तत्काळ सर्वत्र पोचतो. प्रत्येक यजमानाच्या नावाची एक पेटी असते, आणि एका यंत्राची नोंद एका वेळी एकाच पेटीत असू शकते. ज्याच्या पेटीत नोंद, त्याच्याकडे यंत्र. अशा रीतीने ताबा कोणाचा हा प्रश्न नोंदीच्या आशयातून काढून तिच्या स्थानावर सोपविला गेला. बहुमत नसेल तेव्हा सर्व पेट्या केवळ वाचता येतात. त्यांत लिहिता येत नाही.

ह्या नियमाची कठोरता लहान कारखान्याला प्रथम जाणवते. दोनच यजमान असतील तर एक बंद पडताच दुसऱ्याकडे दोनांपैकी एक मत उरते, आणि एक हे दोनांचे बहुमत नव्हे. जो यजमान धडधाकट आहे तोही नवे यंत्र सुरू करण्यास नकार देतो. ह्यावर चिडून बहुमताची अट बळाने शिथिल करण्याचा मोह होतो. परंतु त्या यजमानाला एवढेच ठाऊक असते की शेजाऱ्याचा आवाज येत नाही. शेजारी मेला आहे की मधली तार तुटली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून तिसरे मत देणारा एखादा लहानसा संगणक, ज्यावर कोणतेही आभासी यंत्र चालत नाही, जोडणे हा योग्य मार्ग होय.

आय.बी.एम.च्या मूळ वंशानेही अखेर हाच प्रदेश गाठला. २०११ मध्ये आलेल्या झेड/व्हीएमच्या सहाव्या मालिकेतील दुसऱ्या आवृत्तीत चार यजमानांपर्यंत एकच समूह करण्याची व चालू यंत्र त्यांच्यात हलविण्याची सोय झाली. १९६७ ची एकमेव निर्देशिका अनेक यजमानांत पुन्हा एक करण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली.

७. फेरफार आणि सातबारा

नोंद एका जागी आणल्यानेही एक प्रश्न उरतो. नोंद आज काय आहे हे कळते; ती तशी का आहे, कोणी केली व पूर्वी काय होती, हे कळत नाही. ह्या दिशेने १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस ह्यांनी सीएफएंजिन ह्या प्रणालीद्वारे पहिले महत्त्वाचे पाऊल टाकले. संगणकावर काय काय करावे ह्याची यादी देण्याऐवजी तो शेवटी कसा असावा ह्याचे वर्णन लिहावयाचे, आणि प्रत्यक्ष स्थिती त्या वर्णनाशी वारंवार ताडून जुळवीत राहावयाचे, हे तिचे तत्त्व होते. २००५ मध्ये पपेट, २०१२ मध्ये अँसिबल व २०१४ मध्ये टेराफॉर्म ह्या प्रणालींनी ते तत्त्व पुढे नेले. २००५ मध्येच निर्माण झालेल्या गिटने मजकुरातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला हे जपण्याची सोय दिली, आणि यंत्रांची वर्णनेही तीत ठेवली जाऊ लागली.

ही व्यवस्था महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखालील पद्धतीत खरेदीखत झाले म्हणून सातबारा परस्पर खोडता येत नाही. बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंदला जातो; संबंधितांना नोटीस दिली जाते; अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो; आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरते. सातबाऱ्यावरील प्रत्येक हक्काशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, त्यामुळे पन्नास वर्षांनंतरही त्या हक्काचे मूळ शोधता येते. यंत्राची चालू नोंद हा सातबारा मानला तर गिटमधील बदलांचा इतिहास ही फेरफार नोंदवही होय. यजमानावर जाऊन स्मृतीचा आकडा परस्पर बदलणारा कर्मचारी सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहीत असतो. त्याचा आकडा बरोबर असेलही, परंतु पुढील ताडणीत तो पुसला जाईल, किंवा ताडणीच होत नसेल तर मूळ वर्णनच खोटे ठरेल.

८. पूर, परवाना आणि ताबा

नोंद कोठे असावी ह्या प्रश्नाला शिरोलीत एक भौगोलिक बाजूही आहे. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या एका तीरावर व शिरोली दुसऱ्या तीरावर आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला व वाहतूक बंद पडली. अशा प्रसंगी सर्व्हर कोरडे असले तरी ते जाणणारा मनुष्य पैलतीरी अडकलेला असू शकतो. नोंद त्याच्या स्मरणात किंवा त्याच्या मेजावरील संगणकात असेल, तर यंत्रे सुरक्षित असूनही कारखाना असहाय होतो.

एक यजमान शिरोलीच्या कारखान्यात व दुसरा उद्यमनगरातील कार्यालयात ठेवला तर पुराची भीती टळते, असा विचार साहजिक आहे. परंतु नदी ओलांडणारी जोडणी तुटताच दोन्ही तीरांवरील यजमान एकमेकांस मृत समजू शकतात. बहुमताची अट काढून टाकलेली असेल तर मालाच्या नोंदीचे एकच यंत्र दोन्ही तीरांवर चालू होईल. प्रत्येक तीरावर डिस्कची स्वतंत्र प्रत असेल, तर पूर ओसरल्यावर कारखान्याच्या हाती दोन परस्परविरोधी वह्या येतील, आणि त्यांपैकी कोणतीही पूर्णपणे खोटी नसेल. तिसरे मत दोन्ही तीरांच्या बाहेर असावे, असा निष्कर्ष ह्यातून निघतो. तसेच केवळ डिस्कच्या फाईलींची प्रत सुरक्षित ठेवणे पुरेसे नाही. प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या साधनाने घेतलेल्या प्रतीत नोंद समाविष्ट असते; लिबव्हर्टच्या यजमानावरून डिस्कच्या फाईली नुसत्या उचलून नेल्या तर नोंद मागेच राहते.

ताब्याचा दुसरा पैलू परवान्याचा आहे. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअरचे संपादन पूर्ण केले व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत लागू केली. ज्यांनी प्रणाली एकदा विकत घेऊन ठेवली होती त्यांना पुढील वाटचालीचा विचार करणे भाग पडले. आपली यंत्रे अन्य प्रणालीवर नेता येतील काय, ह्या प्रश्नाचे उत्तर नोंदीच्या स्वरूपावर अवलंबून असते. अनेक कंपन्यांनी मिळून मांडलेला ओव्हीएफ हा नोंदीचा सामाईक नमुना २००९ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. परंतु तो पहिल्या जातीची विधाने चांगली वाहतो. दुसऱ्या जातीची, म्हणजे यजमानाविषयीची, विधाने नव्या घरी पुन्हा लिहावीच लागतात. ज्या कारखान्याने ती विधाने आपल्या भाषेत, आपल्या वहीत लिहून ठेवलेली असतात त्याला हे काम दिवसांचे असते; ज्याची ती विक्रेत्याच्या प्रणालीतच अडकलेली असतात त्याला ते शोधाचे होऊन बसते. पॅटर्नची मालकी ग्राहकाची व ताबा फौंड्रीचा, हा जुना संबंध येथे उलटा झालेला दिसतो : ओतकाम करणारा कारखानदार आता स्वतः ग्राहक आहे, आणि त्याचा पॅटर्न दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

९. समारोप

केंब्रिजच्या एकमेव निर्देशिकेपासून बहुमताने चालणाऱ्या सामाईक वहीपर्यंतचा हा प्रवास पाहिला असता एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक टप्प्यावर यंत्राला मुक्त करणारी युक्ती आधी आली आणि त्याच्या नोंदीचा बंदोबस्त मागाहून झाला. स्थलांतर २००३ मध्ये शक्य झाले. स्थलांतरित यंत्राची नोंद कोणाची, ह्याचे नियम त्यानंतर अनेक वर्षे घडत राहिले. ह्या दोहोंमधील अंतरात जे अपघात होतात त्यांची कारणे यंत्रांत शोधली जातात, आणि ती तेथे सापडत नाहीत.

म्हणून एकाहून अधिक यजमानांवर आभासी यंत्रे चालविणाऱ्या कोणत्याही संस्थेचे परीक्षण करताना प्रथम चार गोष्टी विचारणे युक्त ठरेल. प्रत्येक यंत्राची प्रमाण नोंद कोणती? ती त्या यंत्राच्या यजमानाबाहेर कोठे आहे? ती बदलण्याचा अधिकार कोणाला, व बदलाचा फेरफार कोठे नोंदला जातो? आणि दोन यजमानांचा संबंध तुटला असता निर्णय कोणाच्या मताने होतो? शिरोलीच्या फौंड्रीतील पॅटर्न-खोलीचा कारभारी आपल्या लाकडी व धातूच्या पॅटर्नांविषयी ह्यांतील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विनासायास देऊ शकतो. त्याच कारखान्याच्या सर्व्हर-खोलीतूनही चारही उत्तरे तितक्याच सहजतेने मिळाली पाहिजेत.